'प्रवाशांच्या सोयीसाठी' बंद केलेल्या गेटबद्दल, स्टेशनवाल्यांना आणि मेट्रोवाल्यांना एकच खुलं पत्र

स्टेशनचे साहेब, मेट्रोचे साहेब आणि दोन्हीकडच्या मॅडम,

नमस्कार. तुम्हा दोघांना एकाच पत्रात लिहितेय कारण वेगवेगळं लिहून झालंय. स्टेशनच्या तक्रार वहीत लिहिलं तर उत्तर आलं की सदर बाब मेट्रोच्या अखत्यारीत येते. मेट्रोला मेल टाकला तर तिकडून आलं की सदर जागा रेल्वेच्या हद्दीत येते. दोन्ही उत्तरांत 'सदर' होतं, एवढंच काय ते तुमचं दोघांचं जुळलं. म्हणून म्हटलं आता सगळ्यांसमोरच विचारावं की मधली ती जागा नक्की कोणाची आहे बाबा.

विषय पुलावरच्या गेटचा आहे हे तुम्हाला कळलंच असेल. पण बाकीचे लोकही वाचतील म्हणून जरा समजावून सांगते. आमचं स्टेशन काही मोठं नाही, पाच फलाट. मुख्य इमारत, तिकीट खिडकी, चौकशी सगळं एक नंबरच्या बाजूला. मेट्रो बरोबर उलट्या बाजूला, पाच नंबरच्या पलीकडे, रस्त्याच्या वर खांबांवर. आणि सगळ्या फलाटांवरून आडवा जाणारा एक पादचारी पूल, ज्याच्या मेट्रोकडच्या टोकाला एक लोखंडी गेट. त्या गेटमधून वीसेक पावलं चाललं की थेट मेट्रोच्या तिकिटाच्या मजल्यावर. उतरायचं नाही, परत चढायचं नाही, ऊन नाही पाऊस नाही. मोठमोठ्या शहरांत लोक या गाडीतून त्या गाडीत जायला लांबच लांब बोगदे तुडवतात, आमच्याकडे ते वीस पावलांत होत होतं. होत होतं.

तीन महिन्यांपूर्वी एका सोमवारी सकाळी त्या गेटला साखळी आणि कुलूप. वर एक कागद, "प्रवाशांच्या सोयीसाठी सदर गेट पुढील सूचनेपर्यंत बंद राहील." तारीख नाही, सही नाही, कोणत्या ऑफिसचा ते नाही, आणि मग जायचं कुठून तेही नाही. मी तो कागद तीनदा वाचला, हो, तीनदाच, कारण मला वाटलं माझंच काहीतरी वाचायचं चुकतंय, कोणाची सोय, कोणत्या प्रवाशांची, मागे उभ्या असलेल्या शंभरेक लोकांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर सोय झाल्याचं दिसत नव्हतं.

आता रस्ता कसा आहे बघा. मी तीन नंबरवर उतरते. पूल चढायचा, पण मेट्रोकडे पाठ करून एक नंबरकडे जायचं, तिथे उतरायचं, मुख्य दारातून बाहेर, मग पार्किंग, पार्किंगमधून वाट काढत गाड्यांचे आरसे चुकवत रस्त्यावर, मग लाइनच्या खालून जाणारा तो भुयारी रस्ता जिथे फूटपाथ एकाच बाजूला आहे आणि तो नेमका आपल्या बाजूला नाही, मग पलीकडे निघून उलटं परत यायचं आणि मेट्रोचा जिना चढायचा. म्हणजे थोडक्यात इंग्रजी यू काढायचा. पूर्वी मला फलाटापासून मेट्रोच्या गेटपर्यंत चार मिनिटं लागायची, आता तेरा. फोनमध्ये वेळ लावून मोजलंय, एकदा नाही, आठवडाभर, आणि माझ्याकडे फक्त खांद्यावरची पर्स असते.

यावर तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेल की नऊ मिनिटांनी काय बिघडतं. बिघडतं. प्रवासाचं नियोजन करणाऱ्यांमध्ये ही फार जुनी आणि सर्वमान्य गोष्ट आहे की गाडी बदलताना चालण्यात आणि थांबण्यात गेलेलं मिनिट माणसाला गाडीत बसून गेलेल्या मिनिटापेक्षा बरंच जड वाटतं, हिशोबात ते साधारण दुप्पट धरतात. माणूस मेट्रो सोडून परत स्कूटर काढतो तो याच मिनिटांमुळे, मेट्रो हळू चालते म्हणून नाही. करोडो खर्चून गाडी वेगात पळवायची आणि वाचवलेली मिनिटं पार्किंगमधल्या आरशांमध्ये घालवायची, हा कुठला हिशोब.

मजा म्हणजे मेट्रोच्या डब्यात दाराच्या वर जो नकाशा आहे त्यात आमचं स्टेशन आणि मेट्रो अजूनही शेजारी शेजारी आहेत. दोन गोल आणि मधे एक छोटी पांढरी रेघ. असे सरळ रेघांचे नकाशे सगळ्या जगात चालतात, त्यांची सुरुवात लंडनची, तिथल्या हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने १९३१ मध्ये काढलेला आणि १९३३ मध्ये छापून लोकांच्या हातात आलेला. त्याने मुद्दाम अंतरं सोडून दिली, कारण गाडीत बसलेल्याला पुढचं स्टेशन कोणतं आणि बदलायचं कुठे एवढंच हवं असतं. ते बरोबरच आहे. पण अहो, ते गाडीत बसलेल्यासाठी. त्या दोन गोलांमधल्या पांढऱ्या रेघेवर आम्ही बसलेलो नसतो, चालत असतो. रेघ नकाशात पाच मिलिमीटर, आणि कागद चिकटवून तुम्ही ती अर्ध्या किलोमीटरवर नेलीत, नकाशा तसाच.

आता तक्रारी. एकेक करून सांगते, पण सगळ्या सारख्या नाहीत, काही छोट्या आहेत.

पहिली ही की गेट बंद आहे हे पूल चढल्यावर कळतं. म्हणजे नवीन माणूस फलाटावर उतरतो, तिथे वर अजूनही तुमचाच निळा बोर्ड आहे, 'मेट्रोकडे' आणि बाण पुलाच्या दिशेने. तो बिचारा बॅगा घेऊन जिना चढतो, पूर्ण पूल चालतो, कुलूप बघतो, कागद वाचतो आणि मागे वळतो. मागून दुसरे येत असतात. सकाळच्या गर्दीत तिथे जे होतं ते एकदा पुलावर उभं राहून पाहिलंय मी, पुढे गेलेले परत येतायत, मागचे पुढे ढकलतायत, कुणाला कळत नाहीये की पुढचा का थांबला, आणि पुलाचं ते टोक म्हणजे बंद डब्बा. अरुंद जागेत दोन्हीकडून लोक एकमेकांवर येणं हे किती धोक्याचं असतं हे तुम्हाला मी काय शिकवायचं, तुमच्या सुरक्षेच्या पुस्तकात असेलच. बोर्ड कुठे लावायचा याचा साधा नियम आहे, माणसाला जिथे वळायचं ठरवायचं असतं तिथे, त्याच्या आधी. वळून चुकल्यावर नाही. कागद गेटवर चिकटवलाय, तो फलाटावर जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी हवा होता. त्याला खर्च काय, एक कागद आणि थोडा चिकटपट्टीचा तुकडा.

फोनचंही तसंच. हल्ली सगळे फोन बघून चालतात, आणि फोन अजूनही पुलावरूनच नेतो. त्यात फोनची काय चूक. पत्र्याच्या छताखाली जीपीएस नीट लागत नाही, निळा ठिपका कधी रुळांवर तर कधी मालधक्क्यावर उभा असतो, ते सोडा. पण रस्ता चुकीचा दाखवतोय कारण गेट बंद झाल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नाही. वेळापत्रकं आणि स्टेशनं अशा ॲपना कळावीत म्हणून एक ठरलेली पद्धत आहे, जीटीएफएस म्हणतात तिला, २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडची वाहतूक संस्था आणि गुगल यांनी मिळून सुरू केलेली, आता जगभर वापरतात. त्यात नुसत्या गाड्या नाही, स्टेशनच्या आतले जिने, लिफ्ट, सरकते जिने, तिकिटाची गेटं, कुठून कुठे जायला किती वेळ लागतो हे सगळं भरायची सोय आहे. म्हणजे गेट बंद केलं त्या दिवशी कुणीतरी एक ओळ बदलली असती तर हजारो फोनना कळलं असतं. ते 'कुणीतरी' कोण, हाच तर प्रश्न आहे.

बरं, मग लोक रस्ता शोधतात कसा? एका माणसाला विचारून. पार्किंगच्या कोपऱ्यावर एक वॉचमनकाका बसतात, त्यांचं खरं काम गाड्यांवर लक्ष ठेवायचं. परवा माझी गाडी चुकली म्हणून मी त्यांच्या शेजारच्या कट्ट्यावर वीस मिनिटं बसले होते, तेवढ्यात एकोणीस जणांनी त्यांना विचारलं मेट्रो कुठे. मी मोजले. काका प्रत्येकाला सांगतात, हात लांब करून, सरळ जा, खाली उतरा, पलीकडे निघालात की उजवीकडे मागे फिरा. 'मागे फिरा' ऐकून सगळे थबकतात, कारण ते खरंच विचित्र आहे. शेवटी कंटाळून काकांनी एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर बॉलपेनने गिरवून गिरवून 'मेट्रो' लिहिलं, खाली जाडा बाण काढला आणि सुतळीने खांबाला बांधला. बाणाचं टोक जरा वाकडं आलंय, आणि 'मेट्रो'मधला ट्रो खाली घसरलाय. पण मी सांगते, त्या अख्ख्या रस्त्यावर बरोबर जागी लावलेला तो एकच बोर्ड आहे.

तिसरी तक्रार छोटी वाटेल पण रोज फसवते. नावं आणि नंबर. रेल्वेचा फलाट एक आणि दोन, आणि मेट्रोचाही फलाट एक आणि दोन. मेट्रोची दारं अ, ब, क, रेल्वेची गेटं एक, दोन, तीन, आणि ज्याला रेल्वे गेट तीन म्हणते त्यालाच मेट्रोच्या बोर्डवर 'रेल्वे स्थानक बाजू' लिहिलंय. मैत्रिणीला फोनवर सांगितलं दोन नंबरवर थांब, ती मेट्रोच्या दोनवर आणि मी रेल्वेच्या दोनवर, दोघी एकमेकींना शोधतोय आणि दोघी बरोबर. आता हे जगात कुठे कुणाला सुचलं नाही असं नाही. मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा प्रत्येक स्टेशनला नावासोबत एक चित्र दिलं, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही उतरता यावं म्हणून. टोकियोत २००४ पासून भुयारी मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनला लाइनचं अक्षर आणि नंबर दिलाय, म्हणजे परक्या माणसाला नाव उच्चारता आलं नाही तरी अक्षर आणि आकडा पुरतो. आम्ही चित्रं मागत नाहीयोत. तुम्ही दोघांनी एका टेबलावर बसून दारांना एकच नावं द्या, बस.

आता लिफ्ट. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांकडे दाखवायला महिन्यातून एकदा तिला घेऊन मी याच रस्त्याने जाते. गेट उघडं होतं तेव्हा तीन नंबरवर लिफ्ट, वर पूल, वीस पावलं, मेट्रोचा मजला, तिथून मेट्रोच्या फलाटावर जायला दुसरी लिफ्ट. दोन लिफ्ट, संपलं. आता? तीन नंबरची लिफ्ट, पूल, एक नंबरची लिफ्ट खाली, रस्ता, मेट्रोची रस्त्यावरून मजल्यावर जाणारी लिफ्ट, आणि मग मजल्यावरून फलाटावर. चार झाल्या. चारातली एक बंद असली की बाकी तिन्हींचा काही उपयोग नाही, साखळीची एक कडी तुटली की साखळी तुटली. गेल्या वेळी आम्ही दोन लिफ्ट पार करून, तो भुयारी रस्ता पार करून, मेट्रोच्या खाली पोहोचलो आणि लिफ्टच्या दारावर पिवळी पट्टी. दुरुस्तीसाठी बंद. आई काही बोलली नाही, तिने फक्त काठी या हातातून त्या हातात घेतली आणि जिन्याकडे बघितलं. मी पायऱ्या मोजल्या, बेचाळीस. मधे एक टप्पा आहे, तिथे ती बसली, पायरीवरच, कारण बसायला दुसरं काही नाही, आणि वरून उतरणारे लोक तिला वळसा घालून जात होते आणि ती प्रत्येकाला सॉरी म्हणत होती. आईने कुणाला सॉरी म्हणायचं? का म्हणायचं? घरून निघाल्यापासून त्या दिवशी आम्हाला अडीच तास लागले आणि डॉक्टर निघून गेले होते.

मला लिफ्ट बिघडल्याचा राग नाही, मशीन आहे, बिघडणार. राग याचा की तिसरी लिफ्ट बंद आहे हे पहिल्या लिफ्टपाशी कळायला काहीच मार्ग नाही. तीन नंबरच्या फलाटावर एक पाटी असती की आज मेट्रोकडची लिफ्ट बंद, तर आम्ही सरळ एक नंबरला उतरून रिक्षा केली असती. आणि रॅम्प का नाही असं मी एकदा विचारलं होतं तर जागा नाही म्हणाले, ते मला पटलं, खोटं कशाला बोलू. व्हीलचेअरच्या रॅम्पचा उतार साधारण एकास बारा लागतो, सहा मीटर उंच पूल असेल तर बहात्तर मीटर लांब रॅम्प, वर मधेमधे सपाट टप्पे, ते कुठे मावणार. पण म्हणूनच तर ते गेट महत्त्वाचं होतं ना, पुलावरून सपाट मेट्रोच्या मजल्यावर, चढउतारच नाही. ज्याला रॅम्प लागतो त्याच्यासाठी रॅम्पशिवायचा तो एकच उपाय होता आणि नेमका तोच तुम्ही बंद केलात.

पिवळ्या फरशांचं पण सांगते, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असतात त्या, उंचवटे असलेल्या. पट्ट्या असलेली फरशी म्हणजे चाला, गोल ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. हा शोध जपानमधल्या सेइइची मियाके यांचा, १९६५ चा, आणि त्या फरशा पहिल्यांदा बसवल्या १९६७ मध्ये ओकायामाला, अंधांच्या शाळेजवळ. टोकियो नाही हां, ओकायामा, म्हणजे छोट्या शहरात असलं काही परवडत नाही असं कृपया म्हणू नका, सुरुवातच छोट्या शहरातून झालीय. आपल्याकडे काय झालंय, रेल्वेने मुख्य दारापर्यंत फरशा बसवल्या, मेट्रोने आपल्या जिन्यापासून चार मीटर बसवल्या, मधे काही नाही. रेल्वेच्या फरशा जिथे संपतात तिथे पट्टीचीच फरशी आहे. म्हणजे 'चाला, चाला, चाला' सांगत नेतात आणि पार्किंगच्या लोखंडी साखळीपाशी सोडून देतात. ठिपक्यांची एक फरशी लावायची पण कुणाला आठवण नाही. एका मुलाला मी तिथे बघितलं, पांढरी काठी होती, तो साखळीला गुडघ्याने लागला, थांबला, काठीने डावी उजवीकडे चाचपलं आणि मोठ्याने म्हणाला "इथपर्यंतच होतं का?" कुणाला उद्देशून नव्हतं ते. आता तुम्हा दोघांना उद्देशून समजा.

शेवटची मेट्रो हा वेगळाच विषय आहे, लांबवत नाही. रात्रीची पॅसेंजर यायची वेळ आणि शेवटची मेट्रो सुटायची वेळ यात अकरा मिनिटं आहेत. गेट होतं तेव्हा चार मिनिटांत पोचायचो, पॅसेंजर पाच मिनिटं लेट असली तरी मिळायची. आता तेरा मिनिटं लागतात म्हणजे गाडी अगदी वेळेवर आली तरी मेट्रो जाते, वेळापत्रक कागदावर जसं होतं तसंच आहे आणि तरी जोडणी मेली. स्वित्झर्लंडमध्ये १९८२ पासून देशभर गाड्या ठरावीक ठोक्याला चालवतात, मोठ्या स्टेशनांवर गाड्या एकमेकींची वाट बघतील अशा बसवलेल्या, आधी जोडणी ठरवायची आणि मग त्यासाठी गाडी किती जोरात पळायला हवी ते बघायचं. आपण सगळं देशाचं वेळापत्रक बदला म्हणत नाहीयोत. शेवटची एक मेट्रो, पंधरा मिनिटं उशिरा. आणि पॅसेंजर लेट असेल तर मेट्रोच्या कंट्रोलला एक फोन. तुमच्या दोघांच्या ऑफिसांच्या खिडक्या समोरासमोर आहेत हो, हाक मारली तरी ऐकू जाईल.

आता तुमची बाजू. गेट का बंद केलं ते अधिकृतपणे कुणी सांगत नाही, पण तिकीट तपासणाऱ्या एकांनी हळूच सांगितलं की मेट्रोकडून पुलावर येऊन लोक बिनतिकीट फलाटावर जातात आणि उलटेही. हे खरं असेल, मी नाकारत नाही, फुकटे लोक असतात आणि त्यांच्याबद्दल मला काही प्रेम नाही, मी तिकीट काढून उभी राहते आणि ते बसून जातात. पण त्यावर उपाय गेटला कुलूप हा नाही, गेटवर माणूस हा आहे, नाहीतर मेट्रोच्या आत आहेत तशीच तिकीट दाखवून उघडणारी दोन यंत्रं. चोर शिरतो म्हणून घराचं दार भिंत बांधून बंद करत नाही कुणी. आणि बिनतिकीट माणूस आता काय करतो माहितीये का, तो पाच नंबरच्या टोकाला तुटलेल्या कुंपणातून जातो, म्हणजे अडकलो फक्त आम्ही तिकीटवाले.

तर मागण्या, साध्या भाषेत.

गेट उघडा. दिवसभर नाही जमत तर सकाळी आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळात आणि रात्रीच्या पॅसेंजरला, तिथे माणूस बसवून. तो रेल्वेचा की मेट्रोचा हे तुमचं तुम्ही ठरवा, आम्हाला गणवेशाचा रंग कुठलाही चालेल.

गेट उघडेपर्यंत फलाटावरचे 'मेट्रोकडे' लिहिलेले खोटे बाण झाका, आणि नवीन रस्त्यावर जिथे जिथे वळायचं आहे तिथे बोर्ड लावा. मी मोजले, सात जागा आहेत. यादी माझ्याकडे आहे, देते.

चारही लिफ्ट चालू की बंद हे दोन्ही बाजूंना, पहिल्या लिफ्टपाशी, रोज लिहा. खडूने फळ्यावर लिहिलंत तरी चालेल. आणि बंद असेल तर कधी चालू होणार ती तारीख.

पार्किंगपासून मेट्रोच्या जिन्यापर्यंतच्या राहिलेल्या पिवळ्या फरशा बसवा, आणि त्यावर कुणी स्कूटर लावली तर उचला. त्या साखळीपाशी ठिपक्यांची फरशी तर उद्याच्या उद्या लावा, तिला टेंडर लागू नये.

शेवटची मेट्रो पंधरा मिनिटं उशिरा सोडा.

आणि सगळ्यात महत्त्वाची, ही बाकी सगळ्यांच्या वर लिहायला हवी होती पण राग आला की क्रम राहत नाही. मधल्या जागेसाठी एक माणूस नेमा. एक पद, एक फोन नंबर, दोन्हीकडच्या बोर्डवर ठळक लिहिलेला, ज्याला फोन केला तर 'हे आमच्याकडे येत नाही' हे वाक्य म्हणायला बंदी असेल. रेल्वेचं काम रेल्वे बरं करते, मेट्रो तर चकाचक आहे, फरशीत तोंड दिसतं. घाण, अंधार, कुलूप, तुटलेला फूटपाथ, हे सगळं त्या मधल्या जागेतच का साठतं, तर ती कुणाच्याच कागदावर नाही म्हणून.

असल्या पत्रात शेवटी लिहितात की साहेब एकदा स्वतः येऊन चालून बघा. मी नाही म्हणणार तसं, कारण तुम्ही येणार म्हटलं की आदल्या दिवशी चारही लिफ्ट चालू होतात, पार्किंग झाडून निघतं आणि गेट पण उघडतं, तेवढ्या दिवसापुरतं. त्यापेक्षा न सांगता, रात्रीच्या पॅसेंजरने, सामान घेऊन या. किंवा नका येऊ, वॉचमनकाकांना विचारा, त्यांना सगळं माहितीये, आणि त्यांना कुणी विचारतच नाही, मेट्रो कुठे सोडून.

एक विनंती मात्र लगेचची. काकांच्या पुठ्ठ्यावरचं पेन उन्हाने उडालंय आणि गेल्या आठवड्यातल्या पावसात खालचा कोपरा लिबलिबीत झालाय. सोमवारी मी जाडा मार्कर आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन येतेय, नवीन लिहून वर पिशवी चढवणार आहे. झाडलोट करणाऱ्यांना सांगून ठेवा की तो पुठ्ठा कचरा समजून काढू नका, तुमचा बोर्ड लागेपर्यंत.

आपली,
तीन नंबरवर रोज उतरणारी एक पासधारक